पावणेदोन सेकंद

लॅपटॉपच्या एका कळीच्या कडेला केळ्याचा एक कण वाळून चिकटला होता. नखानं खरवडला तेव्हा अर्धा निघाला आणि अर्धा दोन कळांच्या मधल्या फटीत गेला, आत, जिथं नख पोचत नाही… सकाळी ठकीनं एका हातात केळं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपची कड, दोन्ही तोंडात घालायचा तिचा बेत होता, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, “धरू दे गं. आईपेक्षा तेच जास्त वेळ दिसतं तिला.” हसूनच म्हणाल्या. त्यांचं असंच असतं, आधी चिमटा आणि मग लगेच फुंकर: “जा तू, उशीर होतोय. आम्ही दोघी मजेत असतो.” मजेत. एक नऊ महिन्यांची, एक चौसष्ट वर्षांची. आणि आपण दोघींच्या मधे कुठंतरी, धड घरी नाही धड दारी—

टेबलावरचा फोन वाजला.

“मी प्रसूतिगृहातून सिस्टर बोलतेय. आमच्या वेबसाइटचं काम तुमच्याकडेच आहे ना?”

“हो, सिस्टर. बोला ना.”

“मग मला एक सांग, बाई. जगातल्या सगळ्या बायका एकदम सुखी झाल्यात का?”

“म्हणजे?”

“म्हणजे माझा फोन वाजत नाहीये. अकरा दिवस झाले. दिवसाला एखादा तरी यायचा, कधी दोन. आता नाहीच. वायरबियर निसटली असेल म्हणून माझ्याच मोबाइलवरून लावून बघितला, तर चांगला खणखणीत वाजतो. मग आमच्या नव्या मुलीला म्हटलं, तुझ्या मोबाइलवर ते पान उघड बघू. ती म्हणते, सिस्टर, इथं नंबरच नाहीये. खाली नुसती पांढरी जागा आहे.”

पांढरी जागा. हे दोन शब्द ऐकल्याबरोबर तिला सगळं कळलं होतं… कुठं, कसं, कोणत्या दिवसापासून, कोणामुळे. स्क्रीनकडे बघायचीही गरज नव्हती. 

“मी बघते. आत्ता बघते.”

“बघ. आणि तुझा आवाज असा का येतोय गं? सकाळपासून काही खाल्लंस का?”

खाल्लंय, म्हणाली ती. खाल्लं नव्हतं.

पान उघडलं. टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळं जिथल्या तिथं होतं: वर प्रसूतिगृहाचं नाव, मग शीर्षक—‘बाळंतपणानंतर मन उदास असेल तर’—मग चार परिच्छेद, आणि सगळ्यात खाली एक चित्र, ज्यात जाड आकड्यांत तो नंबर. वॉर्डाच्या मागच्या छोट्या खोलीत सिस्टरांच्या टेबलावर वाजणारा. दिसणारच होता. ऑफिसातल्या स्क्रीनवर अख्खं पान एका नजरेत मावतं, काही खाली सरकवावं लागत नाही, त्यामुळे चित्र येतं. फोनवर तसं होत नाही. आणि त्या पानाकडे मोठ्या स्क्रीनवरून कोण बघतं? त्या पानाकडे बघणारी बाई टेबलाशी बसलेली नसते.

नऊ माणसांचं हे ऑफिस चाळीसएक वेबसाइटी सांभाळतं, आणि सांभाळणं म्हणजे मुख्यतः पळवणं, पानं झटकन उघडतील असं करणं. त्यासाठी सर्व्हरवर एक यंत्रणा बसवलेली आहे, तिला सगळे ‘चाळणी’ म्हणतात. ज्या पानावर ती लावलेली असते ते कुणीही मागितलं की सर्व्हरमधून बाहेर पडण्याआधी चाळणी त्याला दारातच धरते, त्यातल्या रिकाम्या जागा काढते, पूर्वीच्या कामगारांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेल्या टिपा काढते, चित्रं दाबून हलकी करते, आणि जे पहिल्या नजरेत दिसत नाही ते पाठवतच नाही—वाचणारा खाली सरकला की मग पाठवू, म्हणते. हे सगळं आपोआप. मूळ पानाला ती हातही लावत नाही, ते आत सुरक्षित असतं, जसंच्या तसं. फक्त ते कुणाला दिसत नाही.

आणि या पानाची गंमत अशी (गंमत… हा शब्द कसा आला) की ते फार जुनं होतं. कुणीतरी कधीकाळी त्यातला मजकूर एका चौकटीत बसवला होता, आणि फोनवर अख्खं पान सरकत नसे, चौकटीतलं तेवढं सरके. चाळणी बाहेरच्या पानावर डोळा ठेवून होती. बाई आत बोटानं खाली खाली जात राहिली तरी चाळणीला वाटे, ही आहे तिथंच आहे, हिला खालचं काही नको आहे. चित्राच्या जागी तिनं पांढरा तुकडा ठेवला होता, आणि तो तसाच राहिला. अकरा दिवस.

दुरुस्ती एका ओळीची होती. ‘या पानाला हात लावू नकोस’ एवढंच चाळणीला सांगायचं. तिनं ती ओळ लिहिली, प्रसूतिगृहाच्या मुख्य नंबरावरून सिस्टरांना गाठून त्या नव्या मुलीला पान पुन्हा उघडायला सांगितलं, मागून आवाज आला, “आला आला, नंबर आला!”, आणि सिस्टर म्हणाल्या, “बरं झालं बाई. आता वाट बघते.” दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. इतकं सोपं होतं हे सगळं, आणि या सोपेपणाचीच तिला शिसारी आली.

“काय झालं? भूत बघितलंस का?” शेजारच्या टेबलावरून काकानं विचारलं. काका जेमतेम तिशीचा, पण ऑफिसात सगळ्यांच्या आधी त्याचे केस पांढरे झाले म्हणून काका. तिनं सांगितलं. अर्धं सांगितलं.

“हात्तिच्या. मग चाळणीनं गिळलं म्हण आणि मोकळी हो. तिला कुठं रडू येतं?” आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, “अगं, जिन्यात बघितलं होतंस ना तू? बघितलं होतंस तर मग तुझा काय संबंध?”

जिना.

ही ऑफिसची रीत होती. मागं एकदा असंच काहीतरी होऊन गेलं होतं, तेव्हापासूनची. पान पळवून झालं की आपापला स्वतःचा फोन घ्यायचा, ऑफिसचं वायफाय बंद करायचं आणि मागच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर जाऊन उभं राहायचं—तिथं रेंज सगळ्यात वाईट, भिंतींना ओल, रेलिंगला कुणीतरी विसरलेली एक छत्री—आणि तिथं ते पान उघडून शेवटपर्यंत खाली जायचं. मग वर येऊन यादीत त्या पानासमोर ‘जिना’ म्हणून जो चौकोन असतो त्यात खूण करायची. जिना झाला का? झाला. एवढंच. मुंजीचा बटू भिक्षा मागतो तसा प्रत्येकजण फोन पुढं धरून तिथं उभा असतो, त्यावरून चेष्टा चालते, पण जातात सगळे.

प्रसूतिगृहाच्या पानासमोर खूण होती. तिचीच.

ती जिन्यात गेली नव्हती. जिन्याच्या दारापर्यंत गेली होती, दार ढकललंही होतं, फोन हातात होता, कोपऱ्याला तडा गेलेला तोच फोन, अंगठा त्या जागी टेकलेला… आणि मग परत फिरली होती. खूण करायला किती वेळ लागला असेल? पान उघडायला आता जेवढा लागतो, त्यापेक्षाही कमी.

बारा वाजता याच प्रकरणावर सेकंदकाट्यासमोर, म्हणजे साहेबासमोर, बसायचं होतं. आणि तिला ठाऊक होतं की तिथं आपण काही बोललो नाही तर काहीच होणार नाही. कुणीही विचारणार नाही. चाळणी होती ना.

*

ऑफिसात आतून कडी लागणारी खोली एकच, सर्व्हरची. दूध काढायला ती तिथं बसते. खोली थंड, बारीक निळे दिवे लुकलुकत असतात, आणि एक घरघर, न थांबणारी, जिला पहिल्या आठवड्यात ती कंटाळली होती आणि आता तिच्याशिवाय दूध उतरत नाही. हातपंपाचा आवाज त्या घरघरीत मिसळून जातो. पाठ कपाटाला टेकली की कपाटाचा पत्रा किंचित कोमट लागतो. तिथून रोज हजारो पानं बाहेर जातात, तिच्या पाठीमागून, सोलून, दाबून, हलकी होऊन…

ते पान तिनं कुणी सांगितलं म्हणून पळवलं नव्हतं. रजेवरून परत आली तेव्हा चाळीस वेबसाइटींच्या यादीत तिला ते नाव दिसलं आणि तिनं ते सगळ्यात वर ओढलं. उघडायला अकरा सेकंद लागत होते. रोज थोडं थोडं, बाकीची कामं सांभाळून, तिनं ते खाली आणलं: आठ, पाच, तीन. शेवटी त्याच्यावर चाळणी लावली तेव्हा पावणेदोन. सेकंदकाटा म्हणाला होता, “शाब्बास. माणूस तीन सेकंद थांबतो, चौथ्याला तो दुसऱ्याचा झालेला असतो.” हे तो सगळ्यांना म्हणतो. पण त्या दिवशी ती घरी जाताना सबंध रस्ताभर मनात आकडा घोळवत होती, पावणेदोन, पावणेदोन… जणू कुणाला तरी वचन दिलं होतं आणि ते पुरं झालं होतं.

अकरा सेकंद किती मोठे असतात ते मला ठाऊक होतं.

पाचवा आठवडा होता. दुपार. मी न्हाणीघरात नळ सोडून पालथ्या बादलीवर बसले होते, नळ यासाठी की बाहेर वाटावं, आंघोळ चाललीय. बाहेर ठकी रडत होती आणि ते रडणं मला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येत होतं, कुणाचं तरी मूल, बिचारं, कुणी घेत का नाही त्याला. मरावंसं वाटत होतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर मी ठामपणे नाही म्हटलं असतं. एवढंच वाटत होतं की दार उघडावं आणि चपला न घालता निघून जावं, आणि मी गेले हे कुणाच्या लक्षातही येऊ नये, सगळं जिथल्या तिथं राहावं, फक्त मी तेवढी नसावी. सकाळी नवऱ्याला यातलं थोडं सांगायचा प्रयत्न केला होता. त्यानं पाठीवरून हात फिरवला, चांगला फिरवला, आणि म्हणाला, “थकलीयस तू. एक झोप काढ.” मी झोपच काढत होते. झोपेतसुद्धा मी नव्हते.

फोनवर काय शब्द लिहून शोधलं ते आता लिहवत नाही. ते पान आलं. आलं म्हणजे यायला लागलं: आधी पांढरं, मग नाव, मग शीर्षक, मग ओळी. आणि खाली ते चित्र, वरून पट्टी पट्टीनं उतरत. आधी नुसती राखाडी कड. मग आकड्यांचे माथे. मग अर्धे आकडे, कंबरेपर्यंत आलेले, त्यात पहिला दोन आहे की तीन तेच कळेना. मी बघत होते. नळ वाहत होता. अजून एक पट्टी, अजून एक… आणि ठकीचा आवाज बदलला, रडण्यातून एकदम खोकल्यावर गेला, आणि मी फोन पालथा टाकला आणि उठले. पळाले. तिला घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, अंग कोरडंच आहे की तुझं.”  नंतर किती दिवस त्या रोज दुपारी न्हाणीघराच्या बाहेर काहीतरी निवडत बसायच्या, ते मला फार उशिरा लक्षात आलं.

पुन्हा ते पान उघडलं नाही. ते दिवस गेले. गेले म्हणजे काय ते सांगता येत नाही… पाणी ओसरतं, मग भिंतीवर रेघ राहते, आणि आपण रेघेच्या खाली फर्निचर लावून राहायला लागतो. ठके, तू हसायला लागलीस. तू मला ओळखायला लागलीस, आणि तुझ्या ओळखण्यातून मला मी थोडीथोडी परत मिळाले. पण तो फोन हातात घेऊन, त्याच अंगठ्यानं, ते पान पुन्हा शेवटपर्यंत खाली नेणं—

पंप थांबला होता. हात आपोआप थांबला होता. बाटलीत दूध जेमतेम दोन बोटं. तिनं मांडीवरचा लॅपटॉप उघडला आणि जे सकाळपासून टाळलं होतं ते केलं: सर्व्हरची नोंद उघडली. सर्व्हर नावं लिहीत नाही. कुणीतरी, अमुक फोन, अमुक वेळ, एवढंच लिहितो.

अकरा दिवसांत ते पान त्रेचाळीस फोनांवर उघडलं होतं.

त्यातले एकतीस काही क्षणांत बंद. काही अर्ध्या मिनिटानं, काही दोन मिनिटांनी. मुख्य नंबर होता की वर, नावाखाली, तो काही गेला नव्हता. काका हेच म्हणाला असता. पण स्वागतकक्षातल्या मुलीला कोण सांगणार, कुठल्या वाक्यानं सुरुवात करणार—

एक फोन मात्र रोज आला होता. सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या मधे कधीतरी. पहिल्या दिवशी पान चार मिनिटं उघडं. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग बावीस. मग पुन्हा एकोणीस… असे सात दिवस. आठव्या दिवशी आला नाही. नवव्या, दहाव्या दिवशी नाही. आज अकरावा, आणि आता पावणेबारा वाजत होते.

शेजारच्या रकान्यात चाळणीनं आपला अहवाल ठेवला होता. पानावर थांबण्याचा सरासरी वेळ वाढला आहे. पुढं हिरवा बाण, वर तोंड केलेला.

एकोणीस मिनिटं काय करत असेल? चार परिच्छेद वाचायला दोन मिनिटं पुरतात. चौथा परिच्छेद ‘खालील क्रमांकावर फोन करा, तुमचं नाव विचारलं जाणार नाही’ असा संपतो. मग खाली पांढरं. तिनं खाली नेलं असेल, वर नेलं असेल. आपलाच फोन जुना आहे, तो जरा थांबल्यावर दाखवेल, म्हणून थांबली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, म्हणजे दुसऱ्या दिवशीही तिला वाटलं होतं की आज दिसेल. सात दिवस वाटलं. कदाचित तिच्याही घरी नळ… नाही, नाही. कदाचित तिची आई येऊन राहिली असेल. बरं वाटायला लागलं असेल तिला. फोन पाण्यात पडला असेल, नवा घेतला असेल. नव्या फोनाला सर्व्हर वेगळं समजतो. बायका बऱ्या होतात. बहुतेक जणी होतातच. मी झाले. आणि आठवा दिवस म्हणजे काही… ती यादी करत होती, एकामागून एक, भराभर, आणि प्रत्येक कारण खरं असू शकत होतं, आणि एकाही कारणाला धरून ती उठू शकत नव्हती.

निदान तेव्हा पट्ट्या तरी येत होत्या. अर्धे का होईना, आकडे होते. हळू येणारी गोष्ट येत असते. हिच्यापुढं मी जे ठेवलं ते पूर्ण होतं, झटकन आलेलं, पावणेदोन सेकंदांत आलेलं पांढरं. तिला वाटलं असेल, इथंही काही नाही.

दारावर टकटक झाली. “बारा वाजले गं,” काका बाहेरून म्हणाला. “काटा सरकलाय.”

*

सेकंदकाटा उंच, सडपातळ, नेहमी उभ्यानं बोलणारा. वाईट माणूस नव्हता, अडचण तीच होती. रजा वाढवून मागितली तेव्हा त्यानं एका वाक्यात दिली होती, आणि रोज पाचला निघायचं ठरवलं तेव्हा त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं, कुणी तिच्याकडे घड्याळाकडे बघितल्यासारखं बघायचं नाही. त्यानं प्रसूतिगृहाला पाठवायचं पत्र उघडूनच ठेवलं होतं.

“चाळणीचा प्रश्न, बरोबर? चौकटीतलं पान तिला कळलं नाही. आता कळेल. संपलं?”

“जिना झाला नव्हता,” ती म्हणाली.

खोलीत काका होता, त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“यादीत खूण आहे.”

“मी केली. न जाता केली.”

सेकंदकाट्यानं तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला नाही. राग आला असता तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, “का?”

आणि तो प्रश्न आला तसं सगळं एकदम वर आलं, नळ, बादली, कंबरेपर्यंतचे आकडे, दोन की तीन… सगळं एकाच वेळी दाराशी येऊन अडकलं, आणि त्यातलं जे सगळ्यात लहान होतं, सगळ्यात हलकं, ते तेवढं बाहेर निसटलं.

“वेळ नव्हता,” ती म्हणाली.

“हं.” त्याचा चेहरा सैल झाला. आता त्याला समजलं होतं. “लहान बाळ आहे घरी. होतं असं. सांगायचंस ना पण. असं करू, यापुढं तुझा जिना काका उतरेल. चालेल ना रे?”

“उतरेन की. पायांना तेवढाच व्यायाम,” काका म्हणाला, तिच्याकडे न बघता.

“पण पत्रात ते लिहायला हवं,” ती म्हणाली. “मी तपासलं नाही म्हणून. आणि ते त्रेचाळीस जण. त्यातली एक—” तिनं सांगितलं. सात दिवस, एकोणीस मिनिटं. सांगताना आपला आवाज अहवाल वाचल्यासारखा येतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

सेकंदकाटा ऐकता ऐकता टंकत होता. मग म्हणाला, “हे आपल्याला कधीच कळणार नाही.” हळू म्हणाला. “आणि जे कळणार नाही ते लिहून त्यांनी काय करायचं?” मग तो पत्राकडे वळला. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं खरोखरच टंकलं होतं, सहा ओळी झाल्या होत्या. तो त्या वाचत गेला आणि एकेक काढत गेला. “एवढं कोण वाचणार? ‘स्वयंचलित व्यवस्थेतील त्रुटीमुळे क्रमांक काही काळ दिसत नव्हता. दुरुस्ती केली आहे.’ बास.” त्यानं पाठवायचं बटण दाबलं. “तू अंगावर घेऊ नकोस. जेवून घे जा.”

ती बाहेर आली. कबुली दिली होती. ती सगळ्यांनी ऐकली होती, समजून घेतली होती, आणि आता ती कुठंच नव्हती. उलट एक नवीन खोटं तेवढं शिल्लक होतं, वेळ नव्हता, आणि ते इतकं नीट बसलं होतं सगळ्यांच्या मनात की उद्यापासून तेच खरं असणार होतं. तिची गोष्ट आता अशी होती: बाळामुळे तिला वेळ नव्हता. ठके, तुझ्या अंगावर ढकललं मी. नऊ महिन्यांच्या अंगावर.

दुपारभर तिनं एका कापडदुकानाची चित्रं हलकी केली. साडीचोळी, चादरी, उशांचे अभ्रे, दोनशे बारा चित्रं. प्रत्येकाला ‘मूळ’ आणि ‘दाबलेलं’ अशी दोन घरं. शेजारी शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही, त्यासाठीच तर हे सगळं असतं. फार जवळ गेलं की कडा विरलेल्या दिसतात. ती फार जवळ जात होती. काकानं एकदा न विचारता चहा आणून ठेवला आणि म्हणाला, “माझ्या आईला माझ्या वेळी असंच काहीतरी झालं होतं म्हणे. घरात कुणी बोलत नाही.” तिनं चमकून वर पाहिलं तर तो स्क्रीनकडे बघत होता, आणि त्यानं हे का सांगितलं, तिच्याबद्दल की त्या बाईबद्दल, ते काही कळलं नाही, आणि विचारायचा क्षण होता तो गेला.

साडेचार वाजता सासूबाईंचा फोन आला. मागून ठकी ताटावर चमचा बडवत होती. “काही नाही गं, सहज. दूध संपलं तर वरचं देऊ का विचारत होते.” आणि मग, “आवाज का असा? आंघोळीत असल्यासारखा?”

  चमचा वाजत राहिला. “ये लवकर,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यात या वेळी चिमटा नव्हता.

पाचला ती उठली, पिशवी भरली, आणि लिफ्टकडे न जाता सर्व्हरच्या खोलीत शिरून कडी लावली. सिस्टरांना सांगायचं ठरवलं होतं. पत्रात जे नव्हतं ते. ‘यंत्राची चूक नव्हती, सिस्टर. माझी होती.’ वाक्य तयार होतं, दुपारभर चादरी दाबता दाबता तिनं ते पक्कं केलं होतं, पुढचंही ठरवलं होतं: सात दिवस कुणीतरी येत होतं, अकराच्या सुमाराला; तुमच्याकडे मागं कुणी तसं, त्या वेळी… काही सांगता येईल का? सिस्टरांचा दुसरा थेट नंबर तिच्याकडे नव्हता. पानावरचाच लावायचा. तिनं तो बघून बघून लावला, एकेक आकडा. पहिला दोनच होता.

फोन लागला नाही. नंबर व्यस्त होता.

तिनं फोन कानापासून दूर केला, पुन्हा कानाला लावला. तोच तुटक सूर, एकसारखा, सारख्या अंतरानं. व्यस्त. म्हणजे तिकडे सिस्टरांच्या कानाला फोन होता आणि पलीकडे कुणीतरी होतं. कोण? कुणीही असेल. चुकून लागलेलं असेल, वस्तू विकणारं असेल, पाचला सुटलेली ती नवी मुलगी निरोप देत असेल. बोलत असेल, किंवा बोलतही नसेल, नुसतं धरून बसलं असेल, आणि इकडून सिस्टरही काही न बोलता… किती वेळ धरतात त्या असं? एकोणीस मिनिटं धरत असतील का?

पुन्हा लावायला हवा होता. एका मिनिटानं मोकळा होईल. बाहेर लिफ्टचा आवाज झाला, काका कुणाला तरी उद्या भेटू म्हणाला, घरी दूध संपत आलं असेल, पाच वाजून सात मिनिटं. तिचा अंगठा बटणावर होता आणि तिला जाणवलं की आपण तो दाबत नाही आहोत, आणि घाबरून नव्हे. तो सूर थांबू नये असं तिला वाटत होतं. तिकडे जे कोण होतं त्याचं होईपर्यंत, आज कितीही वेळ लागो.

आणि त्या वाट बघण्यात, पाठीला तो कोमट पत्रा लागलेला असताना, दुपारभर पक्कं केलेलं ते वाक्य हळूहळू सुटत गेलं. यंत्र गेलं त्यातून, चूक गेली, सात दिवस गेले. ‘सिस्टर,’ एवढं राहिलं, आणि पुढं ‘मी’. फोन लागला तर आपण त्या बाईबद्दल विचारणार आहोत की आणखी कशाबद्दल बोलायला लागणार आहोत, ते तिला आता सांगता आलं नसतं.